दोन मुक्तींची कथा : ओलाउडा इक्विआनोच्या आत्मवृत्ताचे परिशीलन

प्रवचनांतून आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतून आपण साक्षकथांचा आधार वारंवार घेत असतो. संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन, बेळगावच्या भूमीत जन्मलेल्या बाबा पदमनजींचे 'अरुणोदय', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही नावे आपल्या ओठांवर असतात. या मालिकेत ज्याला आदराचे स्थान द्यावे, परंतु ज्याचा उपयोग विशेष विवेकाने करावा, असा एक ग्रंथ १७८९ साली लंडनमध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. 'ओलाउडा इक्विआनो ऊर्फ गुस्तावस वासा या आफ्रिकी माणसाच्या आयुष्याचा लक्षवेधी वृत्तान्त, त्याने स्वतः लिहिलेला' असा त्याच्या नावाचा आशय आहे. त्यातील 'स्वतः लिहिलेला' हे शब्द शोभेचे नाहीत. ज्या काळी आफ्रिकी मनुष्याला बुद्धी आहे की नाही यावर युरोपातील विद्वान वाद घालीत होते, त्या काळी हे शब्द म्हणजे एक दावाच होता.

या ग्रंथाचे वाचन सामान्यतः दोन प्रकारे होते. कोणी त्यातील मनःपरिवर्तनाचा अध्याय तेवढा उचलतो आणि गुलामीची हकीगत ही त्या परिवर्तनाची पार्श्वभूमी मानतो. कोणी गुलामीची हकीगत इतिहासाचे साधन म्हणून घेतो आणि धार्मिक भाग त्या काळाची रीत म्हणून वगळतो. आमच्या मते या दोन्ही वाचनांत ग्रंथ अर्धाच हाती येतो. तो पूर्ण वाचला म्हणजे मनाला अस्वस्थ करणारे काही प्रश्न उभे राहतात, आणि ते प्रश्न आपणा धर्मसेवकांच्या कार्याला थेट भिडणारे आहेत.

चरित्राची रूपरेषा

ग्रंथातील कथनानुसार इक्विआनोचा जन्म १७४५च्या सुमारास, आजच्या नायजेरियाच्या इग्बो प्रदेशात झाला. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याला व त्याच्या बहिणीला घरातून पळवून नेण्यात आले. वाटेत दोघांची ताटातूट झाली, एकदा क्षणभर भेट झाली आणि पुन्हा कायमची ताटातूट झाली. समुद्रकिनाऱ्यावरून गुलामांच्या जहाजाने तो बार्बाडोसला व तेथून व्हर्जिनियाला पोहोचला. ब्रिटिश आरमारातील मायकेल हेन्री पास्कल या अधिकाऱ्याने त्याला विकत घेतले आणि स्वीडनच्या एका राजाचे, गुस्तावस वासा हे नाव त्याच्यावर लादले. सप्तवार्षिक युद्धात तो लढाऊ जहाजांवर वाढला. १७५९ साली वेस्टमिन्स्टर येथील सेंट मार्गारेट चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. युद्ध संपत आले तेव्हा, १७६२च्या अखेरीस, पास्कलने त्याला विकून टाकले. पुढे माँटसेराट बेटावरील रॉबर्ट किंग या क्वेकर व्यापाऱ्याकडे असताना त्याने लहानसहान व्यापार करून पैसा जोडला आणि ११ जुलै १७६६ रोजी चाळीस पौंडांना स्वतःला विकत घेतले. नंतरची वर्षे तो खलाशी, केशकर्तनकार, उत्तर ध्रुवाकडील १७७३च्या मोहिमेतील सहायक अशा अनेक रूपांत वावरला. अखेरीस गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचा तो एक प्रमुख वक्ता झाला. ३१ मार्च १७९७ रोजी त्याचा मृत्यू झाला. ब्रिटिशांचा गुलाम-व्यापार कायद्याने बंद झाला तो १८०७ साली. तो दिवस त्याला दिसला नाही.

दोन आवाज

वाङ्मय म्हणून पाहता या ग्रंथात दोन आवाज ऐकू येतात. एक समुद्रावरील माणसाचा: चपळ, नेमका, डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगणारा. दुसरा त्या काळच्या मेथडिस्ट सभांतून घडलेला: वचनांनी भरलेला, थोडासा सांकेतिक. दहाव्या अध्यायातील आध्यात्मिक तळमळीची भाषा त्या काळच्या कोणत्याही भाविक इंग्रजाची असू शकेल, आणि त्या अध्यायाच्या शेवटी जोडलेली पद्यरचना काव्य म्हणून सामान्यच आहे. परंतु दुसरा आणि पाचवा अध्याय लिहिणारा मनुष्य वेगळाच आहे.

दुसऱ्या अध्यायात गुलामांच्या जहाजाचे वर्णन येते. जहाजाच्या पोटातील दुर्गंधी, अन्न नाकारले म्हणून बसलेले फटके, एकमेकांस बेडीने जखडलेल्या दोघांनी समुद्रात घेतलेली उडी, हे सारे तो मुलाच्या नजरेने सांगतो. ही गोरी माणसे आपल्याला खाणार, अशी त्या मुलाची भीती असते. आफ्रिकी लोक नरभक्षक आहेत असे ज्या वाचकांनी ऐकलेले होते, त्यांना हे वाक्य वाचताना काय वाटले असेल याची कल्पना करावी. येथे उपदेश नाही, केवळ नजर उलटी फिरविली आहे. बार्बाडोसच्या विक्रीत ढोल वाजताच खरेदीदार आवारात धाव घेतात आणि भावाभावांची ताटातूट होते. त्या ठिकाणी लेखक प्रथमच आवाज चढवितो आणि नाममात्र ख्रिस्ती जनांना विचारतो की, आपणांस जसे इतरांनी वागवावे तसे आपण इतरांशी वागावे, ही शिकवण तुम्ही आपल्या देवापासून हीच शिकलात काय? ज्या धर्माच्या नावाने त्याला हीन ठरविले जात होते, त्याच धर्माचा मापदंड तो खरेदीदारांपुढे धरतो. तेव्हापासून हा ग्रंथ बचावाचा राहत नाही, आरोपपत्राचा होतो.

पाचव्या अध्यायातील एक लहान प्रसंग आमच्या मते साऱ्या ग्रंथातील सर्वांत खोल ईश्वरविचार सांगतो. माँटसेराटवरील एक गरीब गुलाम फावल्या वेळात मासे धरतो. गोरे लोक ते फुकट उचलून नेतात. मालकच ते हिरावून घेतो तेव्हा दाद कोठेच नाही. तेव्हा तो म्हणतो की, आता न्यायासाठी वरच्या देवाकडेच पाहावयाचे. या अशिक्षित मनुष्याच्या साध्या बोलाजवळ इक्विआनो थबकतो, आणि मिसरी मनुष्याच्या हातून आपल्या बंधूला मार बसताना पाहून मोशे का पेटून उठला असेल ते आपल्याला कळले, असे सांगतो. मोशेच्या संतापाची इतकी थोडक्यात आणि इतकी समर्पक फोड क्वचितच आढळेल.

एक सावधगिरीही येथे नोंदविली पाहिजे. मालक पुस्तक वाचीत असताना पाहून, पुस्तक आपल्याशीही बोलेल म्हणून त्या मुलाने त्याला कान लावला, हा या ग्रंथातील प्रसंग फार प्रसिद्ध आहे. तथापि ग्रोनिओसॉ या दुसऱ्या आफ्रिकी लेखकाच्या १७७२च्या आत्मकथनात तोच प्रसंग येऊन गेला आहे. तेव्हा तो अक्षरशः घडला असे मानण्यापेक्षा, मुक्या ठेवलेल्या समाजाने पुस्तकाशी असलेले आपले नाते सांगण्यासाठी घडविलेली ती एक परंपरागत प्रतिमा मानणे अधिक रास्त होईल.

पेत्राचा तुरुंग

या ग्रंथात मुक्तीचे प्रसंग दोन आहेत, आणि दोन्ही ठिकाणी लेखक प्रेषितांच्या कृत्यांकडेच वळतो, ही गोष्ट मननीय आहे.

पहिला प्रसंग १७६६चा. मालकाने मुक्तीला संमती दिल्यावर मुक्तिपत्र लिहून घेण्यासाठी तो नोंदणी कचेरीकडे धावत सुटतो. आनंदाने त्याला स्वतःचाच विश्वास वाटेनासा होतो, आणि त्याला बाराव्या अध्यायातील पेत्र आठवतो: साखळ्या गळून पडल्या, पहारे ओलांडले, तरी आपण पाहतो ते खरे की दृष्टान्त हे ज्याला उमगले नाही तो पेत्र. दुसरा प्रसंग ६ ऑक्टोबर १७७४चा. स्पेनमधील कादिझ बंदरात जहाजावर असताना, चौथ्या अध्यायातील बारावे वचन वाचीत असता, ख्रिस्तावाचून तारण नाही ही गोष्ट त्याच्या अंतःकरणात उजळते. ग्रंथाच्या आरंभी छापलेल्या चित्रात त्याच्या हाती पवित्र शास्त्र आहे, आणि ते याच वचनापाशी उघडलेले आहे.

हे वचन आपण बहुधा त्याच्या संदर्भावाचून उच्चारतो. चौथ्या अध्यायात ते बोलणारा पेत्र रात्रभर अटकेत राहून सकाळी अधिकाऱ्यांपुढे उभा आहे, आणि त्याच्या शेजारी बरा झालेला पांगळा मनुष्य उभा आहे. तो मनुष्य कसा बरा झाला, हा नवव्या वचनातील प्रश्न. आणि कोणाच्या नावाने तारण होते, हे बाराव्या वचनातील उत्तर. मूळ ग्रीकमध्ये या दोन्ही ठिकाणी एकच धातू आहे. मराठीत आपण एके जागी बरे होणे आणि दुसऱ्या जागी तारण असे दोन शब्द योजतो, आणि त्यामुळे देहाचे उठून उभे राहणे व आत्म्याचे तारण यांतील सांधा आपल्या ऐकणाऱ्यांना दिसत नाही. इक्विआनोने हा सांधा शब्दांनी उकललेला नाही. व्हाइटफील्डच्या वळणाच्या मंडळींकडून त्याने जो अर्थ घेतला तो व्यक्तिगत नीतिमत्त्वाचा, केवळ श्रद्धेने मिळणाऱ्या कृपेचा आहे. परंतु ज्याच्या देहाची किंमत चाळीस पौंड ठरली होती त्याने हे वचन हाती धरून चित्रात बसावे, यातच तो सांधा आहे. एका बंदिवानाच्या मुखीचे वचन दुसऱ्या बंदिवानाने ओळखले.

अडखळविणारा अध्याय

इतके झाल्यावर अकरावा अध्याय येतो, आणि साक्षकथा म्हणून हा ग्रंथ वापरणाऱ्याने तो वगळू नये असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. मनःपरिवर्तन झाल्यानंतर सुमारे दोन वर्षांच्या आत, १७७५च्या नोव्हेंबरमध्ये, डॉ. चार्ल्स अर्व्हिंग याच्याबरोबर मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर मळा उभारण्यासाठी इक्विआनो निघतो. वाटेत जमैकात दोघे गुलामांच्या जहाजावर जाऊन मळ्यासाठी माणसे विकत घेतात, आणि ती आपल्याच देशबांधवांतून निवडली, असे तो समाधानाने सांगतो. प्रवासात तो मॉस्किटो जमातीच्या एका राजपुत्राला ख्रिस्ताविषयी शिकवीत असतो. मळा सोडताना गुलामांना दुःख झाले, कारण आपण त्यांना ममतेने वागवीत होतो, असेही तो लिहितो. पुढे त्याच्या कानी येते की, त्याच्या जागी आलेल्या मुकादमाच्या छळाला कंटाळून ते सारे एका होडीतून पळाले आणि बुडून मेले.

या ठिकाणी आपण पश्चात्तापाच्या शब्दाची वाट पाहतो. तो येत नाही. वृत्तान्त पुढे सरकतो. आपल्या लहानपणच्या चुकांची, शपथा वाहण्याच्या पापाची ज्याने इतकी काटेकोर झडती घेतली, तो येथे गप्प आहे. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. आमच्या मते हा प्रसंग आपणांस एक कठीण गोष्ट शिकवितो: कृपा खरी असते आणि दृष्टी तरीही अपुरी असू शकते. १७७६च्या इक्विआनोला गुलामांना दयेने वागवावे हे कळले होते, गुलामीच नसावी हे अजून पुरते कळले नव्हते. दयाळू मालक हा त्याचा त्या वेळचा आदर्श होता. ते कळण्यास पुढील बारा वर्षे लागली. १७८३च्या मार्चमध्ये त्यानेच ग्रॅनव्हिल शार्पला 'झाँग' जहाजाची बातमी नेऊन दिली. विम्याच्या पैशासाठी सव्वाशेहून अधिक जिवंत माणसे १७८१ साली त्या जहाजावरून समुद्रात फेकली गेली होती. १७८८ साली त्याने राणी शार्लटकडे अर्ज केला. म्हणजे परिवर्तन कादिझ बंदरात संपले नाही, तेथे केवळ सुरू झाले. बाप्तिस्म्याच्या वा पुनर्जन्माच्या क्षणी सारे काही पालटते असे आपण वर्गात सहज सांगतो. त्या सांगण्याला या अध्यायाची जोड द्यावी.

त्याच्या अखेरच्या युक्तिवादातील उणीवही येथेच सांगावी. माणसांच्या व्यापाराऐवजी आफ्रिकेशी मालाचा व्यापार करा, तो इंग्लंडला अधिक लाभाचा ठरेल, असे तो सुचवितो. ऐकणाऱ्यांच्या थैलीला हात घालण्याची ही चतुराई समजण्यासारखी आहे. परंतु व्यापाराच्या मागून कोण आले हे एकोणिसाव्या शतकाने आफ्रिकेला दाखविले.

चर्चच्या दारात

तथापि दृष्टी अपुरी असण्याचा दोष एकट्या त्याचा नव्हता. १७६२ साली पास्कलने त्याला विकले तेव्हा या मुलाने नव्या धन्याला सांगितले की, आपला बाप्तिस्मा झाला आहे, आणि या देशाच्या कायद्याने आपल्याला कोणी विकू शकत नाही. फार इंग्रजी बोलतोस असे म्हणून त्याला गप्प करण्यात आले. बाप्तिस्म्याने गुलाम स्वतंत्र होत नाही असे मत इंग्लंडच्या दोन वरिष्ठ विधी अधिकाऱ्यांनी १७२९ सालीच देऊन ठेवले होते, आणि चर्चने ते स्वस्थपणे पचविले होते. परदेशी सुवार्ताप्रसारासाठी स्थापन झालेल्या अँग्लिकन संस्थेचाच बार्बाडोसमध्ये गुलाम राबणारा कॉड्रिंग्टन मळा होता.

१७७९ साली इक्विआनोने लंडनच्या बिशपांकडे अर्ज केला: मला गुरुदीक्षा देऊन आफ्रिकेत मिशनकार्यासाठी पाठवावे. बिशपांनी त्याचे सौजन्याने स्वागत केले आणि काही संकोचाचे कारण सांगून दीक्षा नाकारली. आफ्रिकी मनुष्याला दीक्षा देणे ही त्या चर्चला अशक्य गोष्ट नव्हती. फिलिप क्वाकी याला १७६५ सालीच ती मिळाली होती. नकाराबद्दल इक्विआनो तक्रार करीत नाही. त्याने पत्रव्यवहार तेवढा छापला आणि न्याय वाचकांवर सोडला. ज्या संस्थेने त्याला बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत येऊ दिले तिने त्याला वेदीपाशी येऊ दिले नाही. हे वाचताना आपल्या मंडळीत कुंडापासून वेदीपर्यंतचे अंतर कोणासाठी अजून लांब ठेवलेले आहे, हा विचार प्रत्येक धर्मगुरूने स्वतःशी करावा.

आमच्या कॅथॉलिक परंपरेनेही या प्रकरणात हात झटकू नयेत. मलागा येथे व्हिन्सेंट नावाचे धर्मगुरू त्याला स्पेनच्या विद्यापीठात येण्याचा आग्रह करतात आणि धर्मगुरू झालास तर पोपही होशील असे म्हणतात. त्यात दिलदारी दिसते. पण सर्वांनी शास्त्र वाचणे गैर आहे असे ते म्हणतात तेव्हा, ख्रिस्तानेच शास्त्र शोधावयास सांगितले आहे असे उत्तर तो देतो, आणि त्यांच्या मंडळीची मते सदसद्विवेकाने मान्य करता येत नाहीत म्हणून त्यांचा आग्रह नाकारतो. ते उत्तर आपल्याला बोचावे असेच आहे; शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सुलभ असावे हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत सांगितले. शिवाय अश्रद्धांना कायमच्या दास्यात घालण्याची मुभा पोर्तुगालच्या राजाला १४५२ साली पोपच्या आज्ञापत्रानेच मिळाली होती. गुलाम-व्यापाराचा निःसंदिग्ध निषेध करणारे ग्रेगरी सोळावे यांचे पत्र आले ते १८३९ साली. मोझांबिकहून आणलेले आफ्रिकी गुलाम गोव्याच्या ख्रिस्ती घरांत राबत होते, ही आठवणही आपल्या गोमंतकीय बांधवांनी मनात ठेवावी.

जन्मस्थानाचा वाद

व्हिन्सेंट कॅरेटा या अभ्यासकाने १९९९ साली दोन नोंदी पुढे आणल्या. १७५९च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आणि १७७३च्या ध्रुवीय मोहिमेच्या हजेरीवहीत इक्विआनोचे जन्मस्थान कॅरोलायना असे लिहिलेले आहे. असे असेल तर आफ्रिकेतील बालपण आणि समुद्रप्रवास त्याने इतरांकडून ऐकून लिहिला असे होईल. पॉल लव्हजॉय यांच्यासारख्या इतिहासकारांनी याच्या उलट, ग्रंथातील तपशील आफ्रिकेत जन्मल्याचीच ग्वाही देतात असे प्रतिपादिले आहे. असा आक्षेप त्याच्या हयातीतही, १७९२ साली, वर्तमानपत्रांतून घेतला गेला होता आणि त्याने तो पुढील आवृत्तीत परतविला होता.

आपण नोंदवह्या ठेवणारी माणसे आहोत. नोंदीत काय उतरते हे सांगणारा कोण आणि लिहिणारा कोण यावर अवलंबून असते, हे आपण जाणतो. बारा वर्षांच्या गुलाम मुलाच्या वतीने कोण बोलले असेल, हा प्रश्न रास्त आहे. पण १७७३ साली तो प्रौढ होता, हेही विसरता येत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की, धर्मशिक्षकाने हा वाद श्रोत्यांपासून लपवू नये. गुलामांच्या जहाजांवर काय घडत होते हे सिद्ध करण्यास इतर पुरावा विपुल आहे. तो भार या एका ग्रंथावर नाही. पास्कलचा विश्वासघात, चाळीस पौंड, बिशपांचा नकार या गोष्टी या वादाने डळमळत नाहीत. सत्याची सेवा अर्धसत्याने होत नाही, मग ते कितीही भक्तिपर असो.

आपल्या मातीतून पाहताना

दख्खनला आफ्रिकी गुलामाचे चरित्र नवे नाही. हबसाण देशात जन्मून, बाजारांतून विकला जाऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला आणि १६२६ साली निधन पावलेला मलिक अंबर आपण ओळखतो. पण त्याची कथा आपण बखरकारांकडून व शत्रूंच्या दरबारी इतिहासकारांकडून ऐकतो. विकले जाताना त्याला काय वाटले ते कोणी लिहिले नाही. इक्विआनोचे मोल येथे कळते: विकली गेलेली वस्तू स्वतः बोलली. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा त्या सागरापारच्या दास्याचे आणि आपल्या गावकुसाबाहेरील दास्याचे नाते त्यांनी अचूक ओळखले होते. आपल्या मंडळींतील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज त्या गावकुसाबाहेरूनच ख्रिस्ताकडे आले. त्यांना हा ग्रंथ परका वाटणार नाही.

असो. हा ग्रंथ शिकविताना तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात अशी आमची विनंती आहे: कादिझ बंदरातील संध्याकाळ, मॉस्किटो किनाऱ्यावर बुडालेली होडी आणि लंडनच्या बिशपांचा नकार. पहिलीशिवाय उरलेल्या दोन सांगितल्या तर कृपेचा विसर पडेल; आणि पहिली एकटीच सांगितली तर कृपा स्वस्त होईल. इक्विआनो निष्कलंक संत नव्हता. पण तो साक्षीदार होता, आणि त्याची साक्ष ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांत नाममात्र ख्रिस्ती सर्वांत पुढे उभे आहेत. ती साक्ष ऐकूनच मग प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय मंडळीपुढे उघडावा.